मदत हवी आहे: 'ऐकलंय' आणि 'कळलंय' यातला फरक प्रश्नावलीत कसा पकडायचा?

१८ ते २१ वयोगटासाठी गर्भनिरोधनावर ४५ मिनिटांचं सत्र आहे. त्याआधी १० मिनिटांची निनावी लेखी चाचणी. मुलं-मुली एकत्र, मोबाइल नाहीत, परवानगी मिळालेली आहे.

'तातडीची गोळी माहीत आहे का?' यावर सगळेच 'हो' म्हणतात. चूक-बरोबर पद्धतीत निम्मे गुण नुसत्या अंदाजाने मिळतात, म्हणून तीही सोडली. आता प्रसंग देतोय: 'सोमवारी असुरक्षित संबंधांनंतर लेव्होनॉर्जेस्ट्रेल १.५ मिलिग्रॅम (तातडीची गोळी) घेतली, तासाभरात उलटी झाली. बुधवारी पुन्हा असुरक्षित संबंध. आता?' उलटी लवकर झाली तर गोळी पुन्हा घ्यावी लागते, आणि घेतलेली गोळी पुढच्या संबंधांना संरक्षण देत नाही; दोन्ही गैरसमज एकाच प्रश्नात उघडे पडतात. कंडोमसाठी तेलाचा प्रसंग आहे (तेलाने लॅटेक्स कमकुवत होतं). एचआयव्हीसाठी, असुरक्षित संबंधांनंतर आठवड्याभरातच केलेल्या चाचणीच्या निगेटिव्ह निकालाचा (इतक्या लवकर संसर्ग चाचणीत दिसेलच असं नाही).

अडचण पर्यायांची. बरोबर पर्याय हमखास सर्वांत लांब होतो आणि तिथेच फुटतो. मोकळी उत्तरं तपासायला वेळ नाही.

चुकीचे पर्याय खरे वाटतील असे कसे बेतायचे? आणि 'नक्की माहीत नाही' हा पर्याय ठेवावा, की उत्तरापुढे खात्रीचा वेगळा रकाना द्यावा?