लीफलेट: हिलशेडच्या टाइल्स दिसत नाहीत, दिसल्या तर नावे झाकतात

घाटवाट (प्रश्न)

नमस्कार. राजगड, तोरणा आणि सिंहगड परिसरातील घाटवाटांचा नकाशा लीफलेट या वेब-नकाशांच्या जावास्क्रिप्ट लायब्ररीवर तयार करत आहे. सर्वांत खाली ओपनस्ट्रीटमॅपच्या टाइल्स (नकाशाचे चौकोनी चित्र-तुकडे), त्यावर एसआरटीएमच्या (अवकाशातून केलेल्या) ३० मीटर उंचीमापनावरून जीडीएएल या भू-माहितीच्या सॉफ्टवेअरने काढलेला हिलशेड (डोंगरांच्या सावल्यांचा थर) आणि सर्वांत वर मढेघाट, उपांड्या घाट, गोप्या घाट अशी मराठी नावे असलेला पारदर्शक पीएनजी टाइल्सचा थर, अशी रचना आहे. हिलशेडच्या टाइल्स जीडीएएल-टू-टाइल्सने झूम ८ ते १३ साठी केल्या आहेत.

अडचणी अशा: हिलशेड मुळीच दिसत नाही आणि ब्राउझरच्या नेटवर्क टॅबमध्ये त्याच्या प्रत्येक टाइलपुढे ४०४ (फाइल सापडली नाही) येते, मात्र फोल्डरमध्ये फायली आहेत. चाचणीसाठी दुसरीकडून घेतलेला तयार हिलशेड लावला, तर तो दिसतो, पण नावांच्या वर चढून बसतो. नावांच्या थराला झेड-इंडेक्स (थरांचा वर-खाली क्रम ठरवणारा आकडा) १० आणि हिलशेडला ५ देऊनही फरक पडत नाही. शिवाय झूम १३ च्या पुढे तोही नाहीसा होतो. त्याचा कमाल झूम मी १३ ठेवला आहे. या तिन्हींचे मूळ एकच आहे का?

अक्षांश

लक्षणे एकत्र दिसत असली, तरी ही तीन वेगवेगळी कारणे आहेत आणि ती वेगवेगळीच तपासावीत. मी नेहमी टाइलच्या पत्त्यापासून सुरुवात करतो, कारण टाइल सर्व्हरवरून आलीच नसेल, तर थरांच्या क्रमाबद्दल बोलण्यात अर्थ नसतो.

जीडीएएल-टू-टाइल्स मुळात टीएमएस पद्धतीने फायली लिहिते, म्हणजे ओळींची मोजणी दक्षिणेकडून, खालून वर होते; लीफलेट मात्र ती उत्तरेकडून, वरून खाली झालेली आहे असे धरून चालते. सिंहगडाचेच उदाहरण घ्या. झूम १२ वर लीफलेट १२/२८८७/१८३५ ही टाइल मागेल, पण आपल्या फोल्डरमध्ये तीच टाइल १२/२८८७/२२६० या नावाने असेल, कारण त्या झूमवर एकूण ४०९६ ओळी असतात आणि ४०९५ मधून १८३५ वजा केल्यावर २२६० उरतात. स्तंभाचा आकडा दोन्हींत सारखाच राहतो, म्हणून फोल्डर वरवर पाहता बरोबरच वाटते. खात्री करायची असेल, तर हिलशेड चालू ठेवून नकाशा त्याच रेखांशावर विषुववृत्ताच्या दक्षिणेला, साधारण १८ अंशांपर्यंत सरकवा. आपल्या टाइल्स तेथे हिंदी महासागरावर पसरलेल्या दिसतील.

उपाय दोन आहेत. थराच्या पर्यायांत टीएमएस 'ट्रू' करा, किंवा जीडीएएल ३.१ अथवा त्यानंतरची आवृत्ती असेल, तर एक्सवायझेड (ओळी वरून खाली मोजणारा) हा पर्याय देऊन टाइल्स पुन्हा काढा. माझा कल दुसऱ्याकडे आहे. उद्या याच टाइल्स ओपनलेयर्स किंवा क्यूजीआयएस अशा दुसऱ्या नकाशा-साधनांत वापरायच्या झाल्या, तर उलटी मोजणी प्रत्येक ठिकाणी आठवणीने सांगावी लागत नाही.

समोच्चरेषा

पत्त्याबद्दल वरील उत्तराशी पूर्ण सहमत. उरलेल्या दोन गोष्टींपैकी झेड-इंडेक्सची अधिक फसवी आहे. आपण थर निवडण्यासाठी लीफलेटचे लेयर्स कंट्रोल वापरत असाल, तर त्यातील ऑटो-झेड-इंडेक्स हा पर्याय आपोआप चालू असतो आणि कंट्रोलमध्ये थर ज्या क्रमाने दिले, त्या क्रमाने तो त्यांना १, २, ३ असे आकडे वाटतो. आपण दिलेले १० आणि ५ हे आकडे त्याच क्षणी पुसले जातात आणि त्याची कोणतीही सूचना कन्सोलमध्ये येत नाही. यादीत नावे आधी आणि हिलशेड नंतर दिला असेल, तर हिलशेड वर येणारच. एक तर यादीचा क्रम बदलावा किंवा तो पर्याय 'फॉल्स' करून आपले आकडे कायम ठेवावेत.

झूम १३ नंतर थर नाहीसा होतो, कारण कमाल झूम म्हणजे थर दिसण्याची मर्यादा. टाइल्स कोठपर्यंत उपलब्ध आहेत हे सांगणारा पर्याय वेगळा आहे: मॅक्स-नेटिव्ह-झूम. तो १३ ठेवा आणि कमाल झूम १८ करा, म्हणजे पुढच्या पातळ्यांवर लीफलेट १३ च्याच टाइल्स ताणून दाखवेल. हिलशेडच्या टाइल्स १३ च्या पुढे काढू नयेत असे माझे स्पष्ट मत आहे: आपल्या अक्षांशावर झूम १३ चा एक पिक्सेल सुमारे १८ मीटरचा असतो, मूळ माहितीच ३० मीटरची आहे, आणि प्रत्येक पुढच्या पातळीला फायली चौपट होतात. नावांच्या थराला मात्र ही सवलत लावू नका. ताणलेली अक्षरे पुसट होतात आणि जोडाक्षरे तर वाचताच येत नाहीत.

हिलशेड अपारदर्शक करड्या रंगाचा असल्यामुळे खालचा नकाशा झाकला जाईल. केवळ अपारदर्शकता कमी केली, तर सगळेच फिकट होते. त्याऐवजी हिलशेडला स्वतंत्र पेन (लीफलेटमधला थर ठेवण्याचा कप्पा) देऊन त्या पेनच्या सीएसएसमध्ये मिक्स-ब्लेंड-मोड 'मल्टिप्लाय' ठेवावा. सावल्या गडद राहतात आणि रस्ते-गावे स्वच्छ दिसतात.

घाटवाट

दोघांचेही मनापासून आभार. टाइल्स एक्सवायझेडने पुन्हा काढल्या, सिंहगडाची टाइल १८३५ वर मिळाली आणि हिलशेड जागेवर आला. यादीचा क्रम बदलल्यावर नावेही वर आली. आता वाटांच्या जिओजेसन (भौगोलिक माहितीचा फाइल-प्रकार) रेषा जोडल्या आहेत, तर त्या नावांवरून जातात. झेड-इंडेक्स १००० केला, तरी नावे खालीच राहतात.

समोच्चरेषा

टाइल्सचे सर्व थर टाइल-पेनमध्ये असतात आणि त्या पेनचा स्वतःचा झेड-इंडेक्स २०० आहे. रेषा ओव्हरले-पेनमध्ये, म्हणजे ४०० वर असतात. पेनच्या आत कितीही मोठा आकडा दिला, तरी थर त्या पेनबाहेर जाऊ शकत नाही. नावांसाठी क्रिएट-पेन वापरून नवे पेन करा, त्याला ४५० द्या आणि रेषांवरील क्लिक अडू नयेत म्हणून त्याचे पॉइंटर-इव्हेंट्स 'नन' ठेवा. मार्कर ६०० वर आणि पॉपअप ७०० वर असल्यामुळे ते नावांच्या वरच राहतील. हिलशेडच्या वेगळ्या पेनला २५० पुरेल.