मदत हवी आहे : जुन्या भिंतीसाठी दोन इंची हातविटा कोल्हापुरात कोण पाडून देईल?

माहेरवाशीण

नमस्कार मंडळी. माझं माहेर शुक्रवार पेठेत, नदीच्या अंगाला. घर पणजोबांच्या वेळचं. खाली तीन फूट काळ्या दगडाचं जोतं, त्यावर मातीत बांधलेली विटांची दीड फुटी भिंत. २००५ च्या पुरानंतर कुणीतरी सांगितलं म्हणून मागच्या भिंतीला बाहेरून सिमेंटचा गिलावा केला. २०१९ ला पाणी माजघरात आलं, २०२१ ला पुन्हा. त्यानंतर गिलावा पोकळ वाजायला लागला, आणि या पावसाळ्यात त्याचा एक अख्खा पापुद्रा अंगणात येऊन पडला. मागे पाहिलं तर विटा बोटानं उकरल्या तरी पिठासारख्या गळतात. साधारण नऊ बाय चार फुटांचा पट्टा, खोली एका विटेची. वरच्या विटा मात्र ठणठणीत आहेत.

गवंडीमामा म्हणाले, "ताई, हे दळिद्दर उतरवा, ब्लॉक लावून देतो, चार दिवसांत मोकळं." बाबांनी त्यांना चहा पाजून वाटेला लावलं. बाबांचं वय ७९, आणि भिंत पाडायचा विषय घरात निघत नाही. खरं सांगायचं तर मलाही ती पाडायची नाही.

अडचण मापाची. आमची वीट ९ बाय साडेचार बाय २ इंच. बाजारात सहा इंची मिळते, चार इंची मिळते, दोन इंच जाडीची कुठंच नाही. माझ्या हिशेबानं तूटफूट धरून ५०० विटा लागतील. तीन भट्ट्यांवर जाऊन आले. एकानं हसून विचारलं, "पाचशे लाख का पाचशे हजार?" दुसरे म्हणाले, ट्रॉलीच्या खाली माल सोडत नाही आणि साचा तर बदलतच नाही.

असं काम करून देणारं कुणी आहे का? साचा मी करून दिला तर त्याचं माप काय ठेवायचं? आणि भिंत परत मातीतच बांधायची की आणखी कशात? गळालेल्या जुन्या विटा कुटून सुरखी (चुन्यात मिसळायची विटांची भुकटी) करता येईल असं वाटतंय, तेही सांगा. मी पुण्यात असते, महिन्यातून दोन शनिवार-रविवार कोल्हापूरला येते.

तांबडापांढरा

पाडा आणि आरसीसी करा. पूररेषेत कसल्या विटा जपताय.

माहेरवाशीण

पूररेषेत नवीन बांधकामाला परवानगी तुम्ही मिळवून देणार असाल तर कळवा. विटांचं विचारलंय.

गंगावेसकर

ताई, आमचं घराणं कुंभारकामातलं. मी नोकरीत आहे, पण उन्हाळी सुट्ट्या चिखल तुडवण्यात गेल्यात. भट्टीवाल्यावर रागावू नका. तिथली थापणारी जोडी हजार विटांमागच्या दरावर काम करते. साचा बदलला की हाताचा ताल मोडतो, दिवसाचा आकडा खाली येतो, आणि तो तोटा त्यांच्या पोटावर जातो. तुमचं काम भट्टीचं नाही, कुंभाराचं आहे. गंगावेस, शाहूपुरी, बापट कॅम्प, या तिन्हीकडं कुंभार वस्ती आहे. गणपतीचं काम उरकलं की दिवाळीनंतर हात जरा मोकळे असतात. तिथं एखादा म्हातारा माणूस गाठा आणि जुनी एक वीट हातात घेऊन जा. मापाचा कागद नेऊ नका, वीटच न्या. ती बघून त्याचं मन वळतं.

आता साच्याचं. माती वाळताना आटते, भाजताना पुन्हा थोडी आटते. ढोबळ मानानं दहात एक धरतात, म्हणजे नऊ इंची विटेला साचा दहा इंची. पण त्या भरवशावर पाचशे पाडू नका. आधी डझनभर पाडून बघा. ओल्या विटेवर खिळ्यानं बरोबर दहा सेंटिमीटरची रेघ ओढा. वीट भाजून आली की तीच रेघ मोजा. किती कमी भरली तेवढी त्या मातीची आट. प्रत्येक मातीची वेगळी असते.

माती नुसती काळी घेतली तर वाळतानाच तडकणार. नदीकाठचा पोयटा, त्यात थोडी तांबडी, आणि कारखान्याची राख किंवा भाताचं तूस. तूस आतल्या आत जळतं, म्हणून वीट पोटातून भाजते. पण जास्त झालं तर वीट हलकी आणि भुसभुशीत होते, तुमच्या कामाला ती नको. चिखल निदान दोन रात्री मुरू द्या. साच्याला आतून बारीक वाळू लावायची, नाहीतर वीट सोडवताना कोपरे जातात. आणि एक ध्यानात ठेवा, दोन इंची वीट लवकर वाळते, उन्हात टाकली की पापडासारखी वाकते. पहिले तीन-चार दिवस सावलीत, मग उभी करून उन्हात.

भाजायला वेगळी भट्टी लावू नका, परवडायची नाही. कुणाची भट्टी रचायला घेतली असेल तिथं शब्द टाका आणि तुमच्या विटा मधल्या थरात बसवा. कडेच्या विटा कच्च्या राहतात, जाळाजवळच्या जास्त भाजून खंगर होतात. सगळं गुढीपाडव्याच्या आत उरका. वळवाचा एक सपाटा आला की कच्च्या विटांचा परत चिखल. आमच्या आजोबांच्या तोंडून वळवाला जेवढ्या शिव्या ऐकल्यात तेवढ्या कुणाला नाही ऐकल्या.

रंकाळाकाठ

नवीन पाडण्यापेक्षा एखादा वाडा उतरवत असतील तिथल्या विटा घेतल्या तर? पेठांत दर दोन महिन्यांनी एक तरी वाडा पडतोच.

अवांतर : तुमच्या घरापासून ब्रह्मपुरीचं टेकाड जवळच. डेक्कन कॉलेजनं १९४५-४६ साली तिथं उत्खनन केलं तेव्हा सातवाहनकाळातली विटांची घरं सापडली होती. म्हणजे पंचगंगेच्या गाळाला साच्यात घालायची सवय बरीच जुनी आहे.

ओळंबा

स्थापत्य अभियंता आहे, जुन्या बांधकामांच्या दुरुस्तीची थोडी कामं केली आहेत. जुन्या वाड्याच्या विटा चालतील, पण वरच्या मजल्याच्या घ्या. जमिनीलगतच्या घेतल्या तर त्यांच्यातला लोणा, म्हणजे क्षार, तुमच्या भिंतीत येईल. तुमच्या विटांचा खरा आजार तोच आहे. जमिनीतून आणि पुराच्या पाण्यातून ओल चढते, सोबत क्षार आणते. मातीचा किंवा चुन्याचा गिलावा असता तर ती ओल बाहेर पडून गेली असती. सिमेंटनं दार बंद केलं. मग पाणी गिलाव्याच्या मागे सुकतं, क्षारांचे खडे विटेच्या सालीत तयार होतात आणि साल आतून फोडतात. पाणी अडवायला केलेला गिलावा पाणी कोंडून बसला. त्यामुळे गळक्या विटांची सुरखी अजिबात करू नका. सगळे क्षार परत त्याच भिंतीत भराल. सुरखीला स्वच्छ, नव्या भाजलेल्या विटांचे तुकडे घ्या.

आधी उरलेला सिमेंट गिलावा काढा. हलक्या हातानं, छिन्नी आडवी धरून. पांढरा लोणा कोरड्या ब्रशनं झाडून बाहेर न्या. पाण्यानं धुऊ नका, तो विरघळून पुन्हा आत जातो. भिंत उन्हाळाभर उघडी राहू द्या. नवीन बांधणी चुना, सुरखी आणि वाळूत. पुराच्या पाण्यात मातीचे सांधे धुऊन जातात, आणि सिमेंटचे सांधे विटेपेक्षा कडक होतात, मग मरते ती वीट. सांधा नेहमी विटेपेक्षा मऊ हवा. उद्या काही झिजलंच तर सांधा झिजेल, तो पुन्हा भरता येतो. बांधायच्या आधी विटा पाण्यात बुडवून ठेवा, नाहीतर त्या चुन्यातलं पाणी ओढून घेतात.

विटा घेताना दोन एकमेकींवर वाजवा. खणखणीत आवाज हवा, बद्द आवाज आला तर बाजूला. नख ओढून ओरखडा उठता कामा नये. एक कोरडी वीट तोला, २४ तास पाण्यात ठेवा, पुन्हा तोला. साध्या विटेला भारतीय मानकाची मर्यादा २० टक्क्यांची आहे. तुमच्या मापाची वीट सव्वादोन किलोच्या आसपास भरेल, ती भिजून २ किलो ७०० ग्रॅमच्या वर जायला नको.

माहेरवाशीण

उशिरा लिहिते आहे, पण काम पुढे सरकलंय. बापट कॅम्पात एक काका भेटले. जुनी वीट हातात दिली तर त्यांनी ती आधी वाजवली, मग वास घेतला, मग विचारलं, "साचा कोण करणार?" गंगावेसकर, तुमचे उपकार.

बारा विटा पाडल्या. दहा सेंटिमीटरची रेघ ९.२ भरली. त्या हिशेबानं साचा आता असा ठरतोय : लांबी पावणेदहा इंच, रुंदी पाच इंचाला एक सूत कमी, जाडी दोन इंच दीड सूत. सुताराला सांगितलं तेव्हा त्याला हे माप लगेच कळलं, मला मात्र सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग हे ७९ वर्षांच्या माणसाकडून शिकावं लागलं.

वजनाच्या परीक्षेत पास. २ किलो २१० ग्रॅमची वीट २ किलो ५६० झाली. पण पाचव्या दिवशी बारातल्या तीन विटांवर पांढरे ठिपके फुगले आणि वरची ढलपी उडाली. हा लोणाच का?

गंगावेसकर

लोणा नव्हे, चुनखडी. काळ्या मातीत तिचे खडे असतात. भट्टीत त्यांचा कळीचा चुना होतो, मग हवेतली ओल पिऊन फुगतो आणि वीट फोडतो. कोरड्या मातीत पांढरा खडा दिसला तर त्यावर संडास साफ करायच्या अ‍ॅसिडचा थेंब टाका, फसफसला की तोच. माती वाळवून, कुटून बारीक चाळणीनं चाळायची. पिठासारखी चुनखडी राहिली तरी चालते, खडा नको. आणि भट्टीतून निघालेल्या विटा लगेच पाण्यात पूर्ण बुडवा, बारीकसारीक राहिलेला चुना तिथंच विझतो.

माहेरवाशीण

काकांना विचारलं. म्हणाले, चाळतो, पण चाळायला माणूस तुमचा. म्हणजे मी. पुढच्या शनिवारी जाते आहे, बाबांनी वाळूची जुनी चाळण माळ्यावरून काढून त्यावर बारीक जाळी ठोकून ठेवली आहे.

एकच राहिलं. आमच्या गवंडीमामांनी चुन्यात कधी काम केलेलं नाही, आणि शिकायची त्यांची इच्छाही दिसत नाही. कोल्हापूर किंवा आसपास चुन्यात हात बसलेला गवंडी कुणाच्या माहितीत असेल तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. काम मे महिन्यात, दहाएक दिवसांचं.