हीदरच्या फुलोऱ्यात होगे व्हेलुवे : ज्येष्ठांनी कसे पाहावे?

प्रश्न (खामला, नागपूर)
सप्रेम नमस्कार. मुलगी नोकरीनिमित्त नेदरलँड्समधील आर्नेम येथे राहते आणि ऑगस्टच्या अखेरीस आम्ही दोघे तिच्याकडे जाणार आहोत. तिथून जवळच होगे व्हेलुवे हे राष्ट्रीय उद्यान असून त्या दिवसांत तिथल्या माळावर हीदर (जांभळट फुलांचे झुडूप) फुललेले असते, असे ती सांगते. आमचा जंगलाचा अनुभव पेंच आणि उमरेड-कऱ्हांडल्याचा, म्हणजे पहाटेची रांग, जिप्सी, गाइड आणि परतताना वाघ दिसला की नाही एवढीच चर्चा. तिथे वाहन आणि गाइडची व्यवस्था कशी असते? सौभाग्यवतींचे गुडघे दुखतात, हेही लक्षात घेऊन सुचवावे.

उत्तर (मनीषनगर)
जिप्सी आणि गाइड यांची गरजच नाही. तिथे आपले आपण हिंडायचे असते. सुमारे ५,४०० हेक्टरच्या या उद्यानाला ऑटर्लो, हूंडर्लो आणि स्खार्सबर्गेन अशी तीन प्रवेशद्वारे आहेत आणि तिकीट काढून आत गेले की पांढऱ्या सायकली विनामूल्य वापरता येतात. या सायकलींना हाताचे ब्रेक नसतात, पायडल उलटे दाबले की चाक थांबते. त्यामुळे आपल्याकडची सवय असलेल्याने आधी मोकळ्या जागेत दोन फेऱ्या माराव्यात आणि सीट आपल्या उंचीप्रमाणे खाली करून घ्यावी. वहिनींसाठी मोटार बरी. तिचे वेगळे तिकीट काढले की ठरावीक रस्त्यांवर ती आत नेता येते. तांबडी हरणे, रानडुकरे आहेत, पण 'सायटिंग'चा हिशेब घेऊन जाऊ नये. हरणांच्या माजाचा काळ सप्टेंबरच्या मध्यानंतर येतो. तुमच्या तारखा फुलांच्या आहेत.

उत्तर (धंतोली)
मनीषनगरकरांशी सहमत. मात्र तो माळ कसा तयार झाला हे माहीत नसेल, तर तो केवळ फोटोपुरता उरतो. तिथल्या रेताड, निकस जमिनीवरची झाडे शतकानुशतके तोडली गेली आणि मेंढ्या चरत राहिल्या. शिवाय शेतकरी मातीचा वरचा थर झुडपांसकट खरवडून मेंढवाड्यात पसरत आणि लेंड्यांत मुरलेला तो थर खत म्हणून शेतात घालत. अशा ओरबाडलेल्या, आम्लधर्मी जमिनीत हीदर तेवढे तगले. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस रासायनिक खते आली, ही पद्धत मोडली आणि पुष्कळशा माळांवर पाइनची लागवड किंवा शेती झाली. उरलेला माळ तसाच सोडला तर पाइन आणि बर्चची रोपे त्याचे जंगल करून टाकतील, म्हणून तिथे आजही मेंढ्या चारतात, रोपे उपटतात, मातीचा थर काढतात. पशुपालन आणि वाहनांमुळे हवेत जाणारे नायट्रोजनचे अंश जमिनीत उतरतात आणि गवताचे फावते, ही निराळीच डोकेदुखी. विदर्भातल्या झुडपी जंगलाला 'पडीक' म्हणणाऱ्यांनी ही मेहनत जरूर पाहावी, असे माझे स्पष्ट मत आहे. तुम्ही गेल्यावर एखाद्या झुडपाशी वाकून बघा : तांदळाच्या दाण्याएवढी जांभळट फुले एका काडीवर दाटीने लागलेली असतात आणि त्यांवर मधमाश्यांची गर्दी असते.

प्रश्नकर्ता (खामला)
मनःपूर्वक आभार. मग मोटारच घेऊ. उद्यानातले चित्रसंग्रहालयही त्याच दिवशी होईल का?

उत्तर (प्रतापनगर)
होईल, पण सोमवार टाळावा, कारण क्रोलर-म्युलर संग्रहालय त्या दिवशी सहसा बंद असते. १९३८ मध्ये उघडलेल्या या संग्रहालयात व्हॅन गॉगची सुमारे ९० तैलचित्रे आहेत. त्याचे तिकीट उद्यानाच्या तिकिटाव्यतिरिक्त घ्यावे लागते. सकाळी संग्रहालय आटोपून दुपारनंतर माळावर जावे, तेव्हा तिरप्या उन्हात फुलांचा रंग अधिक खुलतो. एक खबरदारी मात्र घ्यावी : झुडपांत आणि उंच गवतात गोचिडी असतात आणि त्यांच्या चाव्यातून लाइम हा आजार होऊ शकतो. फुलपँट मोज्यांत खोचावी, पायवाट सोडू नये आणि घरी आल्यावर गुडघ्यांच्या मागची बाजू, काखा आणि कंबर नीट तपासावी. गोचीड आढळल्यास तेल किंवा रॉकेल न लावता, चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढून काढावी.