१% ऑक्सिजनला २४ तास ठेवूनही हिफ-१ अल्फाचा बँड नाही, टीएनएफ सोबत दिला की पेशी सुटतात

विणकर_सोलापूर:
माणसाच्या फुफ्फुस-धमनीच्या एंडोथेलियल (आतल्या अस्तराच्या) पेशी, पॅसेज ५ (पाचव्यांदा नव्या प्लेटवर वाढवलेल्या). मॉड्युलर चेंबर, तयार मिश्रणाचा सिलिंडर (१% ऑक्सिजन, ५% कार्बन डायऑक्साइड, बाकी नायट्रोजन), २४ तास. हिफ-१ अल्फा (ऑक्सिजन घटला की पेशीत साचणारं प्रथिन) वेस्टर्न ब्लॉटवर जवळपास दिसतच नाही. एकटा टीएनएफ अल्फा (दाह पेटवणारं प्रथिन), १० नॅनोग्रॅम प्रति मिली, दिला तर आयकॅम-१ (दाहात या पेशींच्या पृष्ठभागावर वाढणारं प्रथिन) वाढतो, पण नावापुरता. दोन्ही एकत्र दिले की थर फाटतो. खोलीचा एसी दुपारी बंद असतो. मूळ प्रश्न असा की नुसत्या कमी ऑक्सिजनने दाह सुरू होतो, की तो वेगळा द्यावाच लागतो?

गाळणी:
बँड चेंबरमध्ये असतो, बाकावर येईपर्यंत जातो. ऑक्सिजन परत मिळाला की प्रोलिल हायड्रॉक्सिलेज हे एन्झाइम हिफवर खूण करतं, व्हीएचएल हे प्रथिन ती ओळखतं आणि प्रोटिएसोम ही पेशीतली मोडतोड-यंत्रणा हिफ मोडून टाकते. हिफ-१ अल्फाचं अर्धायुष्य तेव्हा जेमतेम पाच मिनिटांचं. चेंबर उघडल्यापासून एका मिनिटाच्या आत प्लेट बर्फावर आणि वर बर्फगार लायसिस बफर (पेशी फोडणारं द्रावण), असं जमायला हवं. एका चेंबरमध्ये सहा प्लेट रचल्या तर शेवटची प्लेट ‘कमी ऑक्सिजन’ची राहतच नाही.

दुसरं, २४ तास ही वेळच चुकीची. हिफ-१ अल्फा साधारण ४ ते ८ तासांत शिखर गाठून उतरतो. त्याचा भाऊबंद हिफ-२ अल्फा मागाहून येतो आणि टिकतो. फुफ्फुसाच्या रक्तवाहिन्या जाड होण्यात या दुसऱ्याचा हात मोठा आहे.

मीडिया (पेशींचं पोषक द्रावण) आदल्या रात्रीच त्या वायूत ठेवा. बाटलीतून थेट ओतलेल्या मीडियातला विरघळलेला ऑक्सिजन निघायला तास लागतात. प्लॅस्टिकही थोडा सोडत राहतं. चेंबर पहिल्यांदा भरल्यावर तासाभराने पुन्हा फ्लश करा. एक प्लेट साध्या हवेत १०० मायक्रोमोलर कोबाल्ट क्लोराइडवर (ते हवेतही हिफ टिकवतं) ४ ते ६ तास ठेवा. तिथेही बँड नसेल तर दोष अँटिबॉडीत किंवा ब्लॉटमध्ये. आणि बँड ११०-१२० किलोडाल्टनच्या आसपास शोधा. गणिताने येणाऱ्या ९३ वर नजर लावून बसू नका.

पेशीपुराण:
आयकॅम कमी येतोय त्याचं कारण बहुधा मीडियातच आहे. एंडोथेलियल पेशींच्या बऱ्याच तयार मीडियांत हायड्रोकॉर्टिझोन असतं, म्हणजे दाह दाबणारं औषधच! सप्लिमेंट किटमध्ये त्याची वेगळी कुपी असेल तर आदल्या रात्रीपासून ती न घालता मीडिया बनवा. टीएनएफ वारंवार गोठवून-वितळवून वापरू नका, ०.१% बीएसएमध्ये (गाईच्या रक्तातलं अल्ब्युमिन) लहान कुप्या करून ठेवा. ई-सिलेक्टिन (दाहात वाढणारं असंच दुसरं प्रथिन) बघायचा तर ४-६ तास, आयकॅम-१ साठी २४.

एसीचं बोललात ते बरं झालं. साधा इन्क्युबेटर फक्त तापवतो, थंड करत नाही. मे महिन्यात सोलापुरात खोलीच ४० ला गेली तर आतलं ३७ कुठून राहणार? ३९-४० अंशांवरच्या थरावर टीएनएफ टाकला तर तो सुटणारच. आत वेगळा थर्मामीटर ठेवून दुपारी तीनला वाचा.

रक्तवाहिनी:
मूळ प्रश्नाचं उत्तर: नुसत्या कमी ऑक्सिजननेही दाहाचं दार किलकिलं होतं, टीएनएफने ते सताड उघडतं. जी हायड्रॉक्सिलेजं हिफला रोखतात, तीच आयकेके-बीटालाही (एनएफ-कप्पा-बीला जागं करणारं एन्झाइम) आवर घालतात. ऑक्सिजन घटला की तो आवर सुटतो आणि एनएफ-कप्पा-बी, म्हणजे दाहाची जनुकं चालू करणारं प्रथिन, जागा होतो. उलट बाजूने एनएफ-कप्पा-बी हिफ-१ अल्फाच्या जनुकाचं वाचन वाढवतो. त्यामुळे दोन्ही एकत्र दिले की परिणाम नुसता बेरजेचा राहत नाही.

पेशींमधली वीण व्हीई-कॅडहेरिनची, म्हणजे शेजारच्या पेशी जोडून धरणाऱ्या प्रथिनाची. टीएनएफ आणि वाढलेला व्हीईजीएफ (रक्तवाहिन्या वाढवणारं प्रथिन) दोन्ही ती उसवतात: कॅडहेरिन पेशीच्या आत ओढलं जातं, फटी पडतात. जिवंत फुफ्फुसात याच फटींतून पाणी आणि प्रथिनं वायुकोशांत उतरतात. तुमचा थर फाटला तो पूर्ण ‘बिघाड’ नसेल. टीएनएफ २ नॅनोग्रॅमवर आणा, वेळ ६ तास करा, आणि गळती डेक्स्ट्रानने (थरातून किती झिरपते ते मोजता येणारी, खूण लावलेली साखरेची साखळी) मोजा. नुसतं सूक्ष्मदर्शकातून बघून ठरवू नका.

एक गल्लत टाळा. ऑक्सिजन कमी झाल्यावर फुफ्फुसाची धमनी लगेच आवळते, ते ऑयलर आणि लिल्येस्ट्रांड यांनी १९४६ मध्ये मांजरांत दाखवलं होतं. ते काम मुळात स्नायूपेशींचं. एंडोथेलियम त्यात धमनी सैल करणारं नायट्रिक ऑक्साइड घटवून आणि ती आवळणारं एंडोथेलिन-१ वाढवून भर घालतं.

विणकर_सोलापूर:
मग कंट्रोल प्लेट साध्या इन्क्युबेटरमध्येच ठेवायची ना?

रक्तवाहिनी:
ठेवा, पण तिला ‘नॉर्मल’ म्हणू नका. फुफ्फुस-धमनीतून अशुद्ध रक्त जातं. त्यात ऑक्सिजनचा दाब ४० मिमी पाऱ्याच्या आसपास. इन्क्युबेटरमधल्या हवेत तो १३० च्या वर. म्हणजे या पेशींना साधी हवाच ऑक्सिजनचा अतिरेक आहे. जमल्यास ५% ऑक्सिजनची तिसरी प्लेट लावा आणि १% ची तुलना तिच्याशी करा.