लाकूड कुजलं, मग उरच्या लायरचा आकार कळला कसा?

तंतुवेडी: प्राचीन मेसोपोटेमियातल्या (आजच्या इराकमधल्या) उर शहरातल्या राजघराण्याच्या कबरीतल्या लायरचे, म्हणजे चौकटीत तारा ताणलेल्या वाद्याचे, फोटो पाहतेय. सोन्याचं बैलाचं डोकं, लाजवर्द दगडाची निळी दाढी, सगळं ठीक. पण साडेचार हजार वर्षांत लाकूड आणि तारा मातीत गेल्या असणार. मग बाकीचा सांगाडा अंदाजाने केलाय का? आणि बायबलमधल्या दावीद राजाचं किन्नोर हे तंतुवाद्य असंच होतं का?

जुनीखुंटी: अंदाज नाही हो! पुरातत्त्वज्ञ लिओनार्ड वूलीची कमाल आहे ती. १९२०च्या दशकात खोदताना त्याला जमिनीत पोकळ्या दिसल्या. लाकूड कुजलं, पण त्याची जागा मातीने तशीच धरून ठेवली होती. त्याने त्या पोकळ्यांत पातळ प्लास्टर ओतलं, सुकू दिलं, मग भोवतालची माती काढली. दांडे आणि पेटीचा साचाच हातात आला. मला तर सोन्याच्या डोक्यापेक्षा हे प्लास्टर जास्त मोलाचं वाटतं.

किन्नोर मात्र बरंच लहान, चालता चालता वाजवता येईल असं. अश्शूर साम्राज्याची राजधानी निनवे, तिथल्या एका शिल्पपटात तीन कैदी लायर वाजवत चाललेत, मागे अश्शूरी शिपाई. ते यहुदी असावेत असं बरेच जण मानतात. ब्रिटिश म्युझियममध्ये आहे, जरूर बघा.

मिजराब: वाजवायच्या पद्धतीत घोळ आहे. पहिल्या शतकातला यहुदी इतिहासकार जोसीफस म्हणतो, किन्नोरला १० तारा आणि ते नखीने वाजवत. नेवेल या दुसऱ्या तंतुवाद्याला १२, ते बोटांनी. पण बायबलमधल्या शमुवेलच्या पुस्तकात दावीद शौल राजासमोर हाताने वाजवतो. जोसीफस दावीदनंतर जवळपास हजार वर्षांनी लिहीत होता, तेवढ्यात पद्धत बदललीही असेल.

तंतुवेडी: प्लास्टरचं माहीतच नव्हतं! नेवेलचं एखादं चित्र कुठे आहे का?