नणंदेला माझ्याखाली जोडू का? ब्युटी प्रॉडक्ट्सचा आठ महिन्यांचा हिशेब

वहीवाली, इंदूर

मी सुदामानगरात राहते. गेल्या सप्टेंबरपासून एका डायरेक्ट सेलिंग (दुकानांऐवजी माझ्यासारख्या घरून विकणाऱ्यांमार्फत माल विकणाऱ्या) कंपनीची ब्युटी प्रॉडक्ट्स घरातून विकते: क्रीम, सनस्क्रीन, शांपू, लिपस्टिक. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण भांडण कंपनीशी नाही. मला एक निर्णय घ्यायचा आहे.

माझ्या मोठ्या नणंदेची शाळेतली नोकरी मार्चमध्ये सुटली. त्या राजेंद्रनगरला राहतात, मराठी घरांत त्यांच्या ओळखी माझ्या दुप्पट. मी ज्यांच्याखाली जोडलेली आहे त्या माझ्या लीडर दीदींचा एक दिवसाआड फोन येतो, "ताईंचं जॉइनिंग कधी करतेस?" ताई माझ्याखाली आल्या तर त्यांच्या विक्रीवर मलाही थोडं मिळेल आणि माझी लेव्हल चढेल. माझं मत असं झालंय की माल विकावा, पण घरच्या माणसाला आपल्याखाली जोडू नये. घरात हे कुणाला पटत नाही, म्हणून इथे मांडते.

परवा रात्री वही काढून बसले. आठ महिन्यांत छापील किमतीने ५८,००० रुपयांचा माल विकला. मला २० टक्के सुटतात, म्हणजे ११,६०० रुपये. दोन महिने पॉइंट (मागवलेल्या मालावर मिळणारे गुण, महिन्याला ठरावीक भरावे लागतात) पूर्ण झाले त्याचा बोनस १,१००. एकूण १२,७००. आता खर्च: कॅटलॉग १,६००, पार्सलचे ८००, टेस्टर आणि सॅम्पल २,१५०, स्कूटीचं पेट्रोल २,०००, आणि जी उधारी आता येणार नाही हे कळून चुकलंय ती १,८५०. झाले ८,४००. उरले ४,३०० रुपये.

इथवर ठीक होतं. मग कपाटाचा खालचा कप्पा उघडला. त्यात ६,९०० रुपयांचा माल पडून आहे, माझ्या खरेदीच्या भावाने. चौदा लिपस्टिक, त्यातल्या नऊ एकाच कॉफी रंगाच्या, कारण त्या महिन्यात त्यावर पॉइंट जास्त होते. हा माल कुणी मागितला नव्हता. दर महिन्याच्या २८ तारखेला ग्रुपवर मेसेज यायचा, "फक्त चाळीस पॉइंट कमी आहेत, सोडू नको." ग्राहकांच्या ऑर्डरी तोवर देऊन झालेल्या असायच्या, मग ते चाळीस पॉइंट मी स्वतःच्या नावावर भरायची. ११०० रुपयांच्या बोनसपायी ६,९०० अडकले. आज हाती हिशेब उणे २,६०० आहे.

दुसरी गोष्ट पैशांची नाही. जानेवारीत शेजारच्या काकूंकडे संक्रांतीचं हळदीकुंकू होतं. मीटिंगमध्ये सांगितलं होतं की असा मोका सोडायचा नाही. मी वाणाबरोबर प्रत्येकीच्या हातात कॅटलॉग आणि क्रीमची पुडी ठेवली. काकू सगळ्यांसमोर काही बोलल्या नाहीत. बायका गेल्यावर ताटं आवरताना हळूच म्हणाल्या, "अगं, वाण लुटायचं असतं, विकायचं नसतं." मला तेव्हा राग आला होता. आता वाटतं, त्यांचंच बरोबर होतं.

तरीही विकण्याचं काम मला मनापासून आवडलं, हेही लिहायलाच हवं. ट्यूबलाइटखाली लिपस्टिकचा रंग खरा दिसत नाही, म्हणून बाईला खिडकीशी नेऊन मनगटाच्या आतल्या बाजूला तीन रेघा ओढून दाखवायच्या, हे मी आपलं आपण शिकले. कॉलनीतल्या एका बावन्न वर्षांच्या वहिनींनी आयुष्यातली पहिली लिपस्टिक माझ्याकडून घेतली. आरशात बघितलं, पुसली, पुन्हा लावली. ती दुपार मी विसरणार नाही.

तर ताईंना जोडू की नको?

तिळगूळ, इंदूर

ताई, तुझी वही खरी आहे, पण त्यातून काढलेलं अनुमान मला मान्य नाही. मी हेच काम बारा वर्षं करते. आमच्याकडे सासरे मिलमध्ये होते. मिल बंद पडली तेव्हा सासूबाईंनी पापड लाटून घर चालवलं. मी सून म्हणून आले तेव्हा पदरात दोन लहान मुलं, शिक्षण बारावी, आणि दुपारी दोन ते पाच एवढाच वेळ माझा. त्या तीन तासांत मला कुणी नोकरी दिली असती? या कामाने दिली. मुलीच्या कॉलेजची पहिली फी मी माझ्या खात्यातून भरली, नवऱ्याला न विचारता. त्या दिवशी बँकेतून पायी घरी आले, रिक्षा करावीशीच वाटली नाही.

बरीच दुकानं पहिल्या आठ महिन्यांत नफा देत नाहीत. तू उधारी दिलीस, बोनसच्या मागे धावलीस, या चुका तुझ्या शिकण्याच्या आहेत. माझे नियम दोन. रोख किंवा यूपीआय, आणि ग्राहकाचे पैसे आल्याशिवाय ऑर्डर टाकायची नाही. पॉइंट राहिले तर राहिले. साठेक घरं माझी ठरलेली आहेत. कुणाचं सनस्क्रीन कधी संपतं ते मला पाठ आहे.

आणि हा धंदा कालचा नाही. १८८६ साली न्यूयॉर्कमध्ये मॅकॉनेल नावाचा पुस्तकं विकणारा माणूस दारोदार फिरताना बायकांना अत्तराची छोटी बाटली भेट द्यायचा. पुस्तकांपेक्षा बायकांना अत्तरच आवडतं हे बघून त्याने अत्तराचाच धंदा काढला, तीच पुढे एव्हॉन झाली. त्याने विकायला बायकाच नेमल्या, आणि अमेरिकेत बायकांना देशभर मतदानाचा हक्क मिळाला तो १९२० साली. मत देता येत नव्हतं तेव्हा हातात स्वतःची कमाई येत होती. हे मला लहान वाटत नाही.

राणीपुरा काउंटर

माझं राणीपुऱ्यात जनरल आणि कॉस्मेटिक्सचं छोटं दुकान आहे. तिळगूळ ताईंच्या कष्टांबद्दल आदर आहे, पण दुकानाशी तुलना केली म्हणून बोलतो.

दुकानदाराला माल पडून राहिला तर तो एका कंपनीवरून दुसरीवर जातो. एक ब्रँड चालत नसेल तर तो शेल्फवरून काढतो. बऱ्याच कंपन्यांचा सेल्समन मुदत संपत आलेला माल बदलून देतो. ग्राहक त्याच्याकडे स्वतःहून येतं. घरून विकणाऱ्या बाईकडे यातलं काहीच नाही. एकच कंपनी, तिने ठरवलेला भाव, तिने ठरवलेला महिना. त्यात आता तेच सामान ऑनलाइन कॅटलॉगपेक्षा स्वस्त मिळतं आणि ग्राहक मोबाइल पुढे करून विचारतं, "इथे एवढ्याला आहे, तुम्ही एवढे का लावता?" तेव्हा ताईला आपल्या वीस टक्क्यांतूनच सोडावं लागतं.

माल चालतोय की नाही हे ओळखायची आमची एकच खूण आहे: तेच गिऱ्हाईक तोच माल न सांगता परत मागतं का? मागत असेल तर धंदा आहे. नाहीतर नात्याखातर केलेली एक खरेदी आहे, ती दुसऱ्यांदा होत नाही.

बडोदेकर

मी बडोद्याहून लिहितोय, दांडिया बाजारचा. माझं मत वहीवाली ताईंपेक्षाही कडक आहे: माल विकणंसुद्धा नातलगांत नको. माझ्या सख्ख्या मावसबहिणीने हे काम धरलं. आधी सगळ्यांनी कौतुकाने घेतलं. मग तिचा फोन आला की घरात एकमेकांकडे बघायचे. श्रावणात सत्यनारायणाला बोलावलं की लोक विचारायचे, "प्रसादच आहे ना?" ती बिचारी खरंच नुसतं बोलावत असे. दोन वर्षांनी तिने काम सोडलं, पण फोन करायची तिची सवय सुटली ती सुटलीच. आता आम्हीच करतो. तिचं किती नुकसान झालं हे तुमच्या वहीत कुठल्या रकान्यात लिहाल?

तिळगूळ, इंदूर

बडोदेकर दादा, वाचून वाईट वाटलं. पण एक विचारते. मावसबहीण एलआयसीची एजंट असती तर असंच झालं असतं ना? विमा विकणाऱ्या मेहुण्याला घरात "कामाचा माणूस" म्हणतात आणि क्रीम विकणाऱ्या बहिणीचा फोन टाळतात. थोडी चूक आपल्या नजरेचीही आहे.

हळदीकुंकवाचं मात्र मान्य. मी तिथे पिशवी कधीच नेत नाही.

फाइलवाले काका, इंदूर

ग्राहक तक्रारींच्या कामात बरीच वर्षं घालवली, म्हणून नियमांपुरतं सांगतो. डायरेक्ट सेलिंगचे नियम केंद्र सरकारने २८ डिसेंबर २०२१ रोजी लागू केले, ग्राहक संरक्षण कायद्याखाली. त्यातलं ताईंच्या उपयोगाचं एवढं:

कंपनीने विक्रेत्याशी लेखी करार करायला हवा. वाजवी मुदतीत जेवढा माल विकला जाईल अशी अपेक्षा आहे, त्याहून जास्त घ्यायची सक्ती त्या करारात करता येत नाही. जोडल्या गेलेल्या माणसाला विचार बदलायला मुदत द्यावी लागते आणि त्या मुदतीत बाहेर पडलं तर घेतलेल्या मालाचे पैसे परत मिळतात. कुणाच्या घरी जायचं तर आधी विचारून, ओळखपत्र घेऊन. आणि नुसती माणसं जोडल्याबद्दल पैसे मिळत असतील तर ती पिरॅमिड योजना, तिला बंदी आहे. माणसं जोडून झटपट पैसे मिळवून देतो म्हणणाऱ्या, पैसे फिरवण्याच्या योजनांवर तर १९७८ पासूनच बंदीचा कायदा आहे.

म्हणून ताई, "जोडू का" विचारण्याआधी हे बघा: तुम्हाला मिळणारा वाटा नणंदेने ग्राहकाला विकलेल्या मालावर आहे, की नणंदेने स्वतःच्या नावावर भरलेल्या मालावर? कागदावर दोन्ही "विक्री"च दिसतात. तुमच्या त्या नऊ कॉफी लिपस्टिकवर तुमच्या लीडरना वाटा मिळालाच असेल. करार मोबाइलवर "मान्य आहे" दाबून केला असेल तर तो उघडून माल परत घेण्याचं कलम वाचा. मुदतीत बसत असेल तर न उघडलेला माल परत करा. दाद लागली नाही तर १९१५ वर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहे.

पार्लरवाली

सगळे पैशांवर बोलताय, माझी काळजी चेहऱ्याची आहे. माझ्याकडे एक बाई आल्या, गालावर वांग. कुणीतरी ओळखीच्या बाईंनी "महिन्यात जाईल, साइड इफेक्ट शून्य" सांगून क्रीम दिलेलं. वांग गेलं नाहीच, वर लाल पुरळ. कॉस्मेटिक हे औषध नव्हे, ते रोग बरा करतं असं सांगून विकताच येत नाही. वांग असेल तर त्वचेच्या डॉक्टरकडे पाठवा, विक्री गेली तरी चालेल.

बाकी विकणारीने एवढं करावं. डब्यावर बॅच नंबर, मुदत आणि उत्पादनाचा परवाना क्रमांक बघितल्याशिवाय हातात धरू नये. नवीन क्रीम आधी कानामागे किंवा कोपराच्या आत थोडं लावून एक दिवस थांबायला सांगावं. टेस्टरची लिपस्टिक थेट ओठांना नको. वहीवाली मनगटावर रेघ ओढते ते मला फार आवडलं. आणि इंदूरच्या एप्रिल-मेमध्ये स्कूटीच्या डिक्कीत माल ठेवू नका, लिपस्टिक आतल्या आत वाकते आणि क्रीमचं पाणी सुटतं.

तिळगूळ, इंदूर

मूळ प्रश्नावर येते, कारण तो बाजूलाच राहिला. वहीवाली, ताईंना जोडायचं की नाही हे तू एकटीने का ठरवतेस? त्या तुझ्यापेक्षा मोठ्या आहेत, वीसेक वर्षं शाळेत पोरं सांभाळली असतील. "घरच्यांना जोडू नये" म्हणताना तू त्यांना न विचारताच त्यांचा रस्ता बंद करतेस. हेही बरोबर नाही. तुझी वही त्यांच्यासमोर ठेव. कप्पा उघडून दाखव. मग त्या काय म्हणतात ते ऐक.

राणीपुरा काउंटर

इथे मी तिळगूळ ताईंच्या बाजूने. फक्त वही दाखवताना लीडर दीदींना बोलावू नका.

वहीवाली, इंदूर

सगळ्यांचे आभार. तिळगूळ ताई, तुमचं लागलं आणि पटलंही. मी ताईंची काळजी करते असं समजत होते, पण त्यांना काही सांगतच नव्हते.

रविवारी सकाळी राजेंद्रनगरला गेले. पोहे खाऊन झाल्यावर वही पुढे ठेवली. ताईंनी चष्मा लावला आणि शाळेच्या वह्या तपासाव्यात तशी पान उलटून पहिल्यापासून वाचली. नफ्याच्या आकड्याशी त्या थांबल्याच नाहीत. उधारीच्या पानावर थांबल्या. एका नावावर बोट ठेवून म्हणाल्या, "ही तर माझ्याच शाळेतली. हिच्याकडे मागायला तू कशी जाणार होतीस?" मी म्हटलं, नाहीच जाणार होते, म्हणूनच ती उधारी बुडाली. मग दुसरं पान काढायला लावलं, तेच गिऱ्हाईक तोच माल परत मागतं का ते बघायला. राणीपुरा दादा, तुमची खूण मी त्यांना सांगितली होती. आम्ही दोघींनी पेन्सिलने खुणा केल्या. आठ महिन्यांत दोनपेक्षा जास्त वेळा परत आलेल्या अकराच बायका निघाल्या आणि त्यातल्या आठ सनस्क्रीनच्या.

फॉर्मवर ताईंनी सही केली नाही. मी आग्रहही केला नाही. त्यांनी सांगितलं की लीडरच्या मेसेजने २८ तारखेला झोप उडेल असं काम आता या वयात नको, शाळेत तेवढं पुष्कळ झालं. पण निघताना माझ्याकडून चार सनस्क्रीन ठेवून घेतले, पैसे तिथेच मोजून दिले. त्यांच्या कॉलनीत सकाळी फिरायला जाणाऱ्या बायकांना विचारून बघते म्हणाल्या. माझ्या वीस टक्क्यांतले दहा त्यांचे, असं आम्ही वहीच्या शेवटच्या पानावर लिहिलं.

काका, करार उघडला. माल परत करायची मुदत ३० दिवसांची आहे, म्हणजे फक्त एप्रिलचं पार्सल बसतं. त्यात तीन लिपस्टिक आणि दोन क्रीम न उघडलेली निघाली. आज विनंती टाकली आहे. लीडर दीदींचा फोन दोनदा येऊन गेला, अजून उचलला नाही. उद्या दुपारी उचलेन आणि सांगेन.