मदत हवी आहे: बुरशीजन्य आजारांच्या अंदाजात माझं गणित कुठे चुकतंय?

नमस्कार मंडळी,

मुंबईत संख्याशास्त्रात एम.एससी. करतेय. प्रकल्पाचा विषय हौसेने निवडला आणि अडकले: भारतात गंभीर बुरशीजन्य आजार किती जणांना असतील? आई म्हणाली, "आधी डोंबिवली लोकलमधल्या चिखल्या मोज." तिचंही खरंच. पावसाळ्यात चिखल्या, गजकर्ण घरोघरी. पण मेडिकलमधून मलम आणलं की विषय संपला. नोंद कुठेच नाही.

गंभीर आजारांची गत फार वेगळी नाही. मे २०२१ मध्ये केंद्राने राज्यांना म्युकरमायकोसिसची (काळ्या बुरशीची) नोंद सक्तीची करायला सांगितलं, तीही कोविडमुळे. म्हणून मोजणी उलटीकडून करतात: धोक्यातला गट धरायचा आणि त्याला दर लावायचा. २०२२ मध्ये भारतासाठी असा अंदाज आला, सुमारे ५.७ कोटी लोक, म्हणजे ४.१ टक्के.

मी फुप्फुसातल्या जुनाट अ‍ॅस्परजिलोसिसपासून (अ‍ॅस्परजिलस बुरशीचा संसर्ग) सुरुवात केली. टीबीनंतर २२ टक्के जणांच्या फुप्फुसात पोकळी राहते, त्यांतल्या २२ टक्क्यांना हा आजार. पोकळी नसलेल्यांत २ टक्के. हजार रुग्णांमागे ४८ आणि १६, एकूण ६४. पण छापील आकडे याच्या कितीतरी पुढे आहेत. काय सुटतंय?

दुसरं, दम्याच्या प्रौढ रुग्णांत एबीपीए (याच बुरशीच्या अ‍ॅलर्जीतून होणारा फुप्फुसाचा आजार) २.५ टक्के धरतात, आणि सर्वांत तीव्र दम्याच्या १० टक्क्यांपैकी तिसरा हिस्सा बुरशीच्या अ‍ॅलर्जीचा. दोन्ही बेरजेत घेऊ का?

प्रतिसाद १
६४ हे एका वर्षातले नवे रुग्ण झाले. गेल्या वर्षीचे कुठे गेले? मृत्यू किंवा शस्त्रक्रियेमुळे दरवर्षी १५ टक्के कमी होतात असं धरतात. पाच वर्षांची साखळी लाव: ६४, ५४, ४६, ३९, ३३. साधारण २३७. आणि टीबीचा आकडा फक्त फुप्फुसाचाच घेतलास ना?

प्रतिसाद २
दम्याचे दोन्ही आकडे वेगवेगळे दाखव. एकच माणूस दोन्हीकडे असू शकतो. एकूण बेरीज द्यायचीच असेल, तर खाली तसं लिही. बाहेरचे परीक्षक नेमकं तिथेच पकडतात, स्वानुभव!

धागाकर्ती
अरे देवा, गाठींचा टीबीही धरला होता मी! आज रात्री सगळं पुन्हा करते. एक राहिलंच: टीबीचे रुग्ण पाचही वर्षं सारखेच धरू, की त्या-त्या वर्षीचे? २०२० मध्ये लॉकडाउनमुळे नोंदीच घसरल्या होत्या.